तक्रारदाराची खुर्ची

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांच्याइतका खुर्चीवर जीव असलेला माणूस साऱ्या ग्वाल्हेरात झाला नसेल. फक्त ती खुर्ची त्यांची नव्हती. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत ते मुख्य कारकून आणि मी त्यांच्या हाताखाली टंकलेखक. गुन्ह्यात पोळलेला माणूस आला की त्याला आधी खुर्ची, मग पाणी. तोवर आतोबा त्याला बोलू देत नसत. सगळं त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचे आणि मोठ्याने वाचून दाखवायचे. एका गृहस्थांनी ठाणेदाराला दिलेल्या शिव्यासुद्धा त्यांनी भर कचेरीत खणखणीत आवाजात वाचल्या होत्या. मी लाजेने टंकयंत्रात तोंड लपवलं. शेवटी हटकून विचारायचे, "हे तुमचंच ना?"

राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमची बरीचशी कचेरी भोपाळला निघाली. ट्रक दारात उभा, अधीक्षक सारखे घड्याळ बघतायत, आणि नेमकी त्याच दुपारी पाटणकर बाजारातली बांगडीवाली बाई आली. तिच्या नवऱ्याला भोसकून जखमी करणारा जामिनावर सुटला होता आणि ठाण्यातून तिला कोणी कळवलंच नव्हतं.

"सकाळी दुकान उघडलं तर तो सामने उभा," ती म्हणाली. "ठाण्यात गेले तर म्हणतात, तुम्हें बताना हमारा काम नहीं."

अधीक्षक म्हणाले, "अर्ज त्याच ठाण्याला पाठवा. आणि ती खुर्ची चढवा ट्रकमध्ये."

बाई उठायला लागली. आतोबांनी तिला बसायची खूण केली आणि मागून खुर्ची घट्ट धरली. "साहेब, ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती कागद द्यायचा? मग उद्या हिच्या दारात तो आणि पोलीस, दोघे उभे राहतील."

आतोबांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. त्यांनी अर्ज शांतपणे वाचून दाखवला, "तुमचंच ना?" विचारलं, आणि तो घेऊन थेट मोठ्या साहेबांच्या मोटारीसमोर जाऊन उभे राहिले. चौकशी दुसऱ्या ठाण्याकडे गेली, जामीन रद्द झाला, आणि आतोबांची बदली झाली, पार बस्तरात. खुर्ची मात्र ट्रकवर चढली नाही; ग्वाल्हेरात उरलेल्या कचेरीत ती राहिली, आणि मीही.

काही महिन्यांनी ती बाई पुन्हा आली. तो माणूस परत सुटणार होता. "पण ह्या वेळी शिपाई दोन दिवस आधी घरी येऊन सांगून गेला," ती म्हणाली. "यांना घेऊन भावाकडे चालले. हे लिहून घ्या आणि बाबूजींना पाठवा."

मी लिहून घेतलं. ज्या सवयीला वर्षानुवर्षं हसलो, तिच्यापायी कागद उचलून मोठ्याने वाचायला लागलो. आतोबांची फार आठवण आली. आवाज काही खणखणीत निघेना.

"हे तुमचंच ना?" मी विचारलं.

खुर्चीत बसूनच तिने मान हलवली.