मेहुण्याची चाल

माझ्या मेहुण्याला स्वतःची अशी चाल नव्हतीच. देवाने त्याला धारदार नाक दिलं, मुलुंडमध्ये दोन खोल्या दिल्या, चाल तेवढी तो रोज कुणाची तरी उचलून आणायचा. सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा टाचा आपटत तो जिना चढला की गच्चीच्या पायऱ्यांवर पत्ते कुटणारी मंडळी पत्ते खिशात कोंबून हवापाण्याचं बोलू लागायची. आमच्या लग्नात तो दिवसभर माझ्या आत्यासारखा, एक खांदा पाडून, तुरुतुरु फिरला. आत्याला कळलं नाहीच, उलट "हा मुलगा आपल्यातलाच वाटतो बघ," असं ती मला कौतुकाने म्हणाली. "माणूस पायांवरून कळतो रे," मेहुणा सांगायचा, "तोंड काय, कुणीही धुऊन येतं."

सासरे गेले त्या वर्षी, एका दुपारी आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. जिन्यात पावलं वाजली. फाकवून टाकलेली, मध्येच एखादं उशिरा पडणारं. शेवटची काही वर्षं सासरे तसेच चालत. वय झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. स्वयंपाकघरातून सासूबाई सवयीने म्हणाल्या, "आलात? चहा टाकते." आणि मग आत भांड्याचाही आवाज येईना.

दारात मेहुणा होता. माझी बायको त्याच्यावर धावूनच गेली. "दादा, लाज वाटते का? आईसमोर बाबांची नक्कल?"

तो भिंत धरून उभा होता, चेहरा पांढराफटक. "अगं, मी काहीच केलं नाही. पाय आपसूक तसे पडतायत."

पुढे त्याच्या हातून कप निसटू लागले, शर्टाची बटणं चुकू लागली. घाटकोपरच्या एका डॉक्टरांकडे नेलं, तर तिथे पठ्ठ्या ताठ, झकास चालून आला. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही. बाहेर येऊन हा माझ्या कानात म्हणतो, "ओळखलीस का चाल? तुझीच होती, जावईबापू." हसायला हवं होतं. मी खाली माझ्याच पायांकडे बघितलं.

शेवटी एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या घोट्यांना, मनगटांना आणि कमरेला काडेपेटीएवढे सेन्सर पट्ट्यांनी बांधले. शरीराची प्रत्येक हालचाल ते टिपतात. "आमच्या डोळ्यांना फसवाल, यांना नाही," त्या म्हणाल्या. तो पुन्हा माझी चाल चालला. पावलं हुबेहूब माझी पडत होती. समोरच्या पडद्यावर मात्र कमरेच्या सेन्सरची रेघ वाऱ्यावरच्या दोरीसारखी डोलत होती.

"घरात असं कुणी चालायचं का?" त्यांनी विचारलं.

"बाबा," बायको म्हणाली.

मेंदूचा तोल सांभाळणारा भाग झिजतोय, हा आजार घराण्यातून येतो, थांबवणारं औषध नाही, पण व्यायामाने आधार मिळेल आणि तो किती वाढतोय हे दर खेपेला मोजता येईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मेहुणा पडद्याकडे बघतच राहिला. "म्हणजे त्या दुपारी जिन्यातून बाबाच आले होते," तो म्हणाला.

मग बाईंनी पट्टा माझ्या बायकोपुढे धरला. "तुमचंही एकदा बघायचं का?"

"आज नको," ती म्हणाली.

त्याला बरेच महिने झाले. मेहुणा काठी घेऊन चालतो, नेमाने व्यायाम करतो. आम्ही त्या पट्ट्याचा विषय काढत नाही. फक्त ती पाणी आणायला उठली की मी टीव्हीचा आवाज कमी करतो. परवा ती तांब्या घेऊन दारातच थांबली. "काय ऐकतोयस?"

"कुठे काय."

ती आली, माझ्याजवळ बसली आणि रिमोट घेऊन आवाज पुन्हा मोठा केला.