पडलेल्या झाडाशी नानांचं वागणं

३ डिसेंबर १९७३, सोमवार. पहाटे दाट धुकं, नऊनंतर लख्ख ऊन, वारा नाही.

झाडं तोडणाऱ्या टोळीत माझा पहिला दिवस होता हा. उंब्रजजवळ रस्ता रुंद करायचा होता. कडेची झाडं पाडायचा ठेका ज्यांनी घेतला होता, त्यांच्याकडे मी लाकूड मोजायला लागलो. हातात टेप, कानावर पेन्सिल आणि डोक्यावर छत्री!

लोकांना वाटतं, झाड पडतानाच काय ते घडतं. तसं नाही. पडताना सगळे लांब उभे असतात, सगळे सावध असतात. झाड एकदा आडवं झालं, की माणूस निर्धास्त होतो, कुऱ्हाड घेऊन फांद्यांत शिरतो आणि मग किस्से सुरू होतात. एका झाडाला जेवढ्या फांद्या तेवढे किस्से! सरपण एखादे वेळी संपेल, हे संपत नाहीत.

आमच्या टोळीचे म्होरके नाना. वय साठीच्या पुढे, अंगानं वाळलेल्या बाभळीसारखे. आजवर त्यांच्या हाताखाली कुणाचं बोट गेलं नव्हतं, की पाय मोडला नव्हता. पण मी आलो त्या वर्षी टोळीला एकच घोर लागला होता. नानांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, आणि हातातली कुऱ्हाड काही सुटत नव्हती. दुसऱ्याला जपणारा हा माणूस एक दिवस स्वतःच्याच नडगीवर घाव घालणार, असं प्रत्येकाला वाटायचं. सांगणार कोण?

*

पहिल्याच दिवशी मी खोड मोजायला गेलो आणि शिवाप्पा ज्या फांदीवर घाव घालत होता, नेमका तिच्याच बाजूला वाकलो. शिवाप्पा जतकडचा. अंगानं रेडा, बोलायला मोजका.

नाना ओरडले नाहीत. चालू कुऱ्हाडीजवळ ते कधीच ओरडत नसत. माणूस दचकला की घाव चुकतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाप्पाची कुऱ्हाड खाली येईपर्यंत थांबले आणि मग मला म्हणाले, "भाऊ, तुमी मोजायचं काम करता न्हवं?"

"हो."

"पाय किती हायती तुमाला?"

"दोन."

"लिवून ठिवा. सांजच्याला परत मोजायचं हायती!"

मग मला हाताला धरून खोडाच्या दुसऱ्या अंगाला नेलं. फांदी त्या बाजूची असेल तर माणूस या बाजूला, मध्ये खोड. कुऱ्हाड निसटली तर खोडात रुतावी, पायात नाही. एवढंच शास्त्र.

*

हे शास्त्र हवालदाराला मात्र पटेना. हा सातारकडचा गडी, फौजेतून पेन्शनीत आलेला. मिशा अजून ड्यूटीवर! पहिल्याच दिवशी गडी आडव्या चिंचेच्या खोडावर चढून उभा राहिला आणि दोन पायांच्या मधली फांदी तोडायला लागला.

नाना खालून म्हणाले, "हवालदार, लढाईत गोळ्या सुटल्या की असाच उंचावर उबा ऱ्हायचास व्हय रं?"

"छ्या! आडोशाला पडायचं. पोझिशन घ्यायची."

"मग हितं सरकारनं एवढा आडोसा आडवा करून दिलाय, आन् तू त्याच्यावर चढून परेड करतुयास!"

हवालदारानं पायाखालच्या खोडाकडं बघितलं. मग "पोझिशन!" असं स्वतःलाच ओरडून त्यानं पलीकडं उडी मारली.

तेव्हापासून टोळीत तोच हुकूम झाला. कुणी चुकीच्या बाजूला दिसलं की दुसरा म्हणायचा, "पोझिशन!" एकदा ठेकेदार शेठ स्वतः पाहणीला आले आणि फांद्यांत शिरले. हवालदारानं त्यांनाही "पोझिशन!" म्हणून फर्मावलं. शेठ आधी बिचकले, मग मुकाट्यानं खोडापलीकडे जाऊन उभे राहिले!

*

झाड पडलं की नानांची एक विडी. ती संपेपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही. "पडल्यालं झाड लगीच बसत न्हाई. त्याला अंग टाकू द्यावं," असं म्हणायचे.

शिवाप्पा विडी ओढत नसे. तो तेवढ्या वेळात मूठभर शेंगा खायचा. शेंगा संपल्या की नानांच्या तोंडाकडे बघायचा. नाना मुद्दाम सावकाश ओढायचे.

शेठना हा वेळ फुकट वाटायचा. फलटणकडं कालव्याच्या भरावावरचा लिंब पाडला, त्या दिवशी ते घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. "नाना, बास की आता! गाडी थांबलीय."

"निम्मी हाय अजून," नाना म्हणाले.

तेवढ्यात खालची एक फांदी कटकन मोडली आणि तो अख्खा लिंब कूस बदलल्यासारखा वळला, उताराकडं दोन हात घरंगळला आणि थांबला. शिवाप्पाच्या तोंडातली शेंग तशीच राहिली.

शेठ घाम पुसत नानांजवळ आले, खिशातून स्वतःचं सिगरेटचं पाकीट काढलं आणि म्हणाले, "नाना, ही लांब असती. ही वढा!"

*

शेंडा सगळ्यांत शेवटी. बुडख्याकडून साफ करत जायचं आणि शेंडा उरला की आधी तो कशावर टेकलाय ते बघायचं, हा नियम. इस्लामपूरच्या अलीकडं एक बाभूळ पडली. तिचा शेंडा जमिनीत रुतून धनुष्यासारखा वाकला होता.

नाना म्हणाले, "शिवाप्पा, ह्यो ताण खाऊन बसलाय. आतल्या अंगानं जरा जरा खा. एका घावात जाऊ नगं."

पण शिवाप्पाला आपल्या दंडाचा अभिमान. दिला एकच घाव, तोही बाहेरच्या अंगानं! शेंडा सुटला तो सट्कन वर आला आणि शिवाप्पाचा पटका घेऊन गेला. पटका शेजारच्या आंब्यावर, चांगला उंच! शिवाप्पा "यप्पा!" म्हणून मटकन खाली बसला.

नाना सावकाश त्याच्यापाशी गेले. "डोकं हाय का बघ जागेवर."

शिवाप्पानं दोन्ही हातांनी डोकं चाचपलं. "हाय."

"मग वापर की कवातरी!"

पटका काढायला कुणी चढलं नाही. तिथल्या लोकांनी त्या झाडाला पटक्याचा आंबा म्हणायला सुरुवात केली.

*

माणसं ऐकतात, शेळ्या ऐकत नाहीत. झाड पडल्याचा आवाज झाला की कोसभरातल्या शेळ्या पाल्यावर तुटून पडतात. तासगावच्या बाजूला एक म्हातारी तिच्या शेळ्यांसकट थेट फांद्यांतच येऊन उभी राहिली.

हवालदार म्हणाला, "आजी, शेळ्या मागं घ्या. फांदी लागंल."

"आन् तुमी कुराडी बंद ठिवा की वाईच! त्यांचं खाऊन झालं की हाना. झाड काय पळून जातंय व्हय?"

आम्ही चहा ठेवला. चहा होईपर्यंत शेळ्या निघाल्या. नाना कुऱ्हाड घेऊन उठले आणि एकदम थांबले. "आरं, ती काळी ऱ्हायली की! हुर्र! हुर्र! हाकला तिला!"

आम्ही बघितलं. खोडाजवळ माझी छत्री उघडी ठेवलेली होती. नाना छत्रीला हाकलत होते.

शिवाप्पा मोठ्यानं हसला, हवालदारही हसला. मग मी जाऊन छत्री मिटली. नाना फांदीकडं वळले, आणि त्यांचा पहिला घाव फांदीपासून चार बोटं लांब, खोडावर बसला.

*

त्यानंतर उपाय सुरू झाले. हवालदारानं शिट्टी आणली. "नाना, तुमी आता कमांडिंग ऑफिसर. लांब उबं ऱ्हायचं आन् शिट्टी मारायची."

नानांनी एकदा फुंकून बघितली आणि परत दिली. "एकबी फांदी पडली न्हाई गड्या."

मी म्हणालो, "नाना, मिरजेला चांगला दवाखाना आहे. ऑपरेशन करून घ्या."

"आन् डोळ्याला फडकं बांधून आठ दिस उताना पडू? माजा डावा डोळा काय गहाण ठिवलाय व्हय?"

शिवाप्पानं नानांची कुऱ्हाड लपवून ठेवली. नानांनी त्याचीच उचलली आणि दिवसभर वापरली. शिवाप्पा दिवसभर डहाळ्या ओढत बसला!

*

मार्च उजाडला. तासगाव रस्त्यालाच मोठा वड पाडला होता. सकाळी ढग, दहानंतर ऊन, पश्चिमेचा हलका वारा.

वड पडून रात्रभर बसला होता. सगळ्या फांद्या निघाल्या, एक राहिली. मांडीएवढी जाड, खोडाखाली दाबली गेलेली, वाकून कमान झालेली. खोडाचा भार तिच्यावर आणि तिचा ताण खोडावर. ती सुटली की खोड खाली येणार आणि ती कुठं जाणार, ते बारीक नजरेनं बघत बघत कापावं लागणार होतं.

असली फांदी नेहमी नानाच तोडायचे. ते उठले.

"नाना, ही माज्याकडं द्या," शिवाप्पा म्हणाला.

"पटका ऱ्हायलाय का तुज्याकडं अजून?"

हवालदार म्हणाला, "नाना, ऑर्डर समजा..."

"तुजी पेन्शन झालीया."

नाना फांदीपाशी गेले, तिच्यावरून हात फिरवला, डोळे बारीक केले, मान तिरकी करून डाव्या डोळ्यानं बघितलं. कुऱ्हाड उचलली.

तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली. गाठोडं घेऊन एक बाई उतरल्या. नानांच्या घरच्या, तारा काकी. इतक्या दिवसांत त्या कामावर कधी आल्या नव्हत्या. सरळ आल्या, वडाच्या खोडावर गाठोडं ठेवलं आणि शेजारी बसल्या. हवालदार एकदम करवतीचे दात तपासायला लागला. निरोप कुणी धाडला होता, ते मला तेव्हाच कळलं.

नाना म्हणाले, "तू कशापायी आलीस? ऊट तितनं!"

"का वं?"

"फांदी सुटली की खोड हलतंय."

"हललं तर तुमाला दिसंल का?"

कुऱ्हाड वरच्या वर. "चारचौघांत काय बोलतीस? ऊट म्हनतो न्हवं!"

"मी कुटं नगं म्हनते? तुमी घाव घाला. तुमाला दिसतंय तर मला कशाचं भ्या? मी हितंच बसते." काकींनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि खोडावर आणखी सरसावून बसल्या.

नानांनी काकींकडं बघितलं, फांदीकडं बघितलं, पुन्हा काकींकडं. कुऱ्हाड हळूहळू खाली आली.

"गाठुड्यात काय हाय?"

"तुमची दोन धोतरं, टावेल, आन् धा-बारा भाकरी. मिरजंला जायाचं हाय."

"आन् ही फांदी?"

"हितं तीन गडी उबं हायती. त्यास्नी काय शेळ्या राखाया ठिवलंय?"

नानांनी कुऱ्हाड शिवाप्पाच्या हातात दिली. काकी उठल्या, गाठोडं उचललं आणि रस्त्याकडं चालू लागल्या. नाना जागचे हलले नाहीत. फांदी निघेपर्यंत लांब उभे राहिले.

शिवाप्पानं आतल्या अंगानं थोडी थोडी कापत फांदी सोडवली. खोड वीतभर खाली बसलं. कुणालाही लागलं नाही. नाना आणि काकी दोनच्या एसटीनं मिरजेला गेले. ऑपरेशन त्याच आठवड्यात शुक्रवारी झालं.