पाचव्या दिवशी भरलेल्या बाटल्या

कतारमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती, तेव्हा आम्ही तिथल्या अबू हमूर भागात एका कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतबंद वसाहतीत राहायचो. तिथल्या पूलवर रोज संध्याकाळी एक वयस्कर बेल्जियन इंजिनिअर पोहायचा. आमची ओळख मान हलवण्यापुरती.

त्याच्या देशातल्या एका कडक, हॉप्सच्या फुलांनी कडवट झालेल्या बिअरसारखी बिअर मी घरी गुपचूप बनवत होतो. एकदा फुशारकीनं त्याला म्हटलं, "पाचव्याच दिवशी बाटल्या भरल्या!"

तो ओलेत्यानंच माझ्या स्वयंपाकघरात आला. ओट्याखाली बाटल्या होत्या आणि शेजारी माझी मुलगी भातुकली मांडून बसली होती.

"आधी तिला बाहेर ने," तो म्हणाला. "आतलं आंबणं अजून चालू आहे. वायू साठून या फुटतील."

मग एकेक बाटली जाड टॉवेलात गुंडाळून तो झाकण सैल करत गेला. सातवी हातातच फुटली. टॉवेल लाल झाला. मी शरमेनं खाली वाकून काचा वेचू लागलो.

बोट नळाखाली धरून तो म्हणाला, "माझ्याही अशाच फुटल्या होत्या. तेव्हा घरात मूल नव्हतं, एवढंच."

महिन्याभरात तो मायदेशी गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मुलीला एवढंच आठवतं, की कुणा म्हाताऱ्यानं तिला खेळातून उठवलं आणि ती खूप रडली. त्या रडण्यासाठी मी आजही त्याचे आभार मानतो.