डेलियाकडची किल्ली

आमच्या गावाबाहेर एका सरदार घराण्याचं पाच मजली बुरुजघर पडून आहे. त्याच्या कुलपाची किल्ली डेलिया कॉन्सिडाइनकडे असायची. आयर्लंडात ही जुनीच रीत: पडकी वास्तू सरकारची, किल्ली शेजारच्या घरात. डेलियाचा नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी तिचा पोस्टमन. बियाण्यांचा कॅटलॉग आणि चर्चचं पत्रक सोडलं तर तिला द्यायला माझ्याकडे काही नसे. बाकी तिचं दार वाजायचं ते फक्त किल्लीसाठी.

कोणी आलं की बाई हातातलं काम टाकून कोट चढवायची. बुरुजाच्या दारातच पाहुण्यांना वर बघायला लावायची. तिथे छताला एक भोक आहे, खाली शिरलेल्या शत्रूवर दगड टाकायला.

"सासूबाईंच्या दारात असं भोक असतं तर मी आत आलेच नसते," असं म्हणून स्वतःच हसायची.

मग जिना. अरुंद, गोल, चढताना उजवीकडे वळणारा, म्हणजे वर येणाऱ्याची तलवार मधल्या खांबाला अडते. अकरावी पायरी मुद्दाम उंच ठेवलेली, परका माणूस ठेचकाळावा म्हणून. दुसऱ्या मजल्याच्या कमानीखाली चुन्यात वेताच्या विणीचे ठसे आहेत. कमान बांधताना खाली चटया धरल्या होत्या. चटया गेल्या, वीण राहिली. तिथे मात्र ती गप्प व्हायची. आणि शौचकुपापाशी पुन्हा सुटायची: "कपडे इथेच टांगायचे बरं का, वासानं पिसवा मरायच्या!"

पाहुण्यांना वाटे, म्हातारी काय रंगात येते. अहो, आठवडाभराचं बोलणं तुंबलेलं असायचं ते.

गेल्या हिवाळ्यातल्या वादळात पश्चिमेचा कोपरा ढासळला. मार्चमध्ये पुरातत्त्व खात्याचा माणूस आला, तेव्हा पत्रं घेऊन मी तिथेच होतो. डेलियाचे गुडघे दुखत होते, म्हणून तिनं खालूनच ओरडून सांगितलं, "अकरावी पायरी उंच आहे हो!"

"मोजतोय मी, बाई," वरून आवाज आला आणि पाठोपाठ धप्पकन आपटल्याचाही.

"साडेपाचशे वर्षांत एकही सोडला नाही तिनं," डेलिया माझ्या कानात म्हणाली.

पण खाली आल्यावर त्यानं हात पुढे केला. "जागा धोक्याची झालीय. नवीन कुलूप लावतोय, आत कोणालाच सोडायचं नाही. जुनी किल्ली जमा करावी लागेल."

"मग माझ्याकडे कोण येणार?" ती म्हणाली. त्याला ते कळलंच नाही. तो म्हणाला, "तेच ना, तुमची कटकट गेली." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. डेलियानं किल्ली एप्रनला पुसून दिली.

"एवढं करा," ती म्हणाली, "रस्त्यावरची पाटी काढू नका."

त्यानं कागद चाळला. "पाटीचं यात काही लिहिलेलं नाही."

दोन महिने मी दर वेळी जरा जास्त थांबायचो, पण पोस्टमन थांबून किती थांबणार? पत्रं दिली की मी निघायचो आणि ती खिडकीशी उभी राहायची.

जूनमध्ये गेलो तर आत हसण्याबोलण्याचा आवाज. टेबलाशी दोन जर्मन बायका सोडा ब्रेडला लोणी लावत बसल्या होत्या, दोघींचा चहाचा दुसरा कप चालू. रस्त्यावरच्या पाटीवर 'किल्ली शेजारच्या घरात मिळेल' हे वाचून त्या आल्या होत्या. आतल्या खोलीत डेलिया धडाधड खण उघडत होती.

"इथेच तर ठेवली होती मेली! बसा हो, बसा, सापडेल. तोवर तुम्हाला त्या जिन्याची गंमत सांगते..."

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिचा चेहरा पडला.

"टोमास," ती हळूच म्हणाली, "तू तरी पाहिलीस का रे किल्ली?"

मी पत्रांची पिशवी खाली ठेवली, गुडघ्यांवर बसलो आणि कपाटाखाली शोधायला लागलो.