राजाला शखेमला यावं लागायचं

एडिसनहून गाडी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. इराकमध्ये युद्ध सुरू झालं ते वर्ष. पुण्यात मी चळवळीची पत्रकं लिहिते, सुट्टीवर परदेशी आले तरी खोड जात नाही.

गाडी चालवणारी सारामावशी आईची अलिबागची मैत्रीण, बेने इस्राएल (कोकणात पूर्वापार राहिलेले ज्यू). त्यांची इथली कुटुंबं शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये जमतात. प्रार्थना हिब्रूत, मग मावशीचं मराठी कीर्तन. अध्यक्ष एझ्राकाका, निवृत्त डॉक्टर, हल्ली पेनसिल्व्हेनियात राहतात. त्यांनी फोनवर फर्मान काढलं: हॉल सोडा, आता माझ्या गावच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये या. तिथे मराठी कोण ऐकणार? कुणाला विचारलं का? मी भडकले, पत्रक लिहिलं आणि ते घेऊन आम्ही काकांच्याच घरी निघालो. पत्रकाचा शेवट केला, 'ऐकत नसाल तर आम्ही वेगळे होतो.'

एक्झिट चुकली. पेट्रोल पंपावर बेचव कॉफी पिताना मावशीने पत्रक वाचलं.

"शखेम ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"दोन डोंगरांमधलं गाव. यहोशवा या आमच्या पुढाऱ्याने इस्राएलचे बाराही वंश तिथे जमवून देवाशी करार केला, साक्षीला धोंडा उभा केला. पुढे शलमोन राजा वारला. गादी यरुशलेमात, पण त्याच्या मुलाला, रहबामाला, शखेमला जावं लागलं. लोक तिथे जमले होते ना. म्हणाले, आमचं जोखड हलकं कर."

"केलं?"

"छे. आणखी जड करीन म्हणाला. दहा वंश उठून गेले. ते घर पुन्हा जुळलं नाही." तिने माझी शेवटची ओळ खोडली. "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आमच्यात. आत्ताच फोन करकरून जमवतो. वेगळे झालो तर दोन्हीकडे कुलूप."

बायका का मोजत नाहीत, हे मी विचारलंच.

"ते पुढच्या पत्रकात घाल."

मेपलच्या झाडांमागे एझ्राकाकांचं घर. काकांनी नारळाच्या रसातली मच्छी वाढली आणि पत्रक वाचलं.

"रहबामाला वाईट सल्ला कुणी दिला, सांगितलं का मावशीने? तुझ्यासारख्या पोरांनी."

"आणि म्हाताऱ्यांनी काय सांगितलं होतं, एझ्राभाई?" मावशी म्हणाली.

काका भात कालवत राहिले. "आज लोकांचा सेवक हो, असं."

"मग?"

"सारा, गुडघ्यांमुळे मला आता एवढं ड्राइव्ह होत नाही गं. म्हणून म्हटलं, इकडे या."

हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. माझा राग तसाच ताटाशी बसून राहिला.

"हेच हॉलवर येऊन सांगा," मावशी म्हणाली. "न्यायला मी येते."

रविवारी काका आले. लोक खुर्च्यांवर, ते उभे. न विचारता ठरवलं, हे आधी कबूल केलं, मग गुडघ्यांचं सांगितलं. दोघेतिघे चांगलेच तडकले, काकांनी ऐकून घेतलं. हॉल राहिला, काकांना आणायच्या पाळ्या ठरल्या. मावशी कीर्तनाला उभी राहिली. नंतर मलिदा (गोड पोहे, वर ओलं खोबरं) खाल्ला.

आपल्याकडे दाराशी ताटकळायचं ते लोकांनी. शखेमला राजाने यायचं, आणि लोकांना 'नाही' म्हणता यायचं. रहबाम हरला तरी त्या गावाचं हे मोठेपण उरतंच.

पुण्यात परतले. पहिल्याच बैठकीला आमचे नेते म्हणाले, "वस्तीच्या मोर्चाचं ठरलंय, तू फक्त पत्रक लिही."

मी पेन खाली ठेवलं. "वस्तीतल्या कुणाला विचारलंत? आधी तिथे जाऊ."