दिवेवाल्या माशाचे दात

सौंसरच्या जत्रेतल्या तंबूवाल्याने मला फसवलं, आणि माझ्या मुलीला फसवलं तिच्याच विज्ञानाच्या मास्तरांनी. तंबूवाल्याला मी केव्हाच सोडून दिलं. त्याचा तो धंदा होता.

मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने खोल समुद्रातल्या एका शिकारी माशाचा तक्ता केला होता. आमच्या घरात समुद्र कोणी पाहिला नव्हता, पण तो मासा तिला पाठ होता. सूर्याचा उजेड पोचत नाही तिथे तो राहतो. मादीच्या कपाळावरच्या काट्याला दिवा असतो, त्यातला उजेड बारीक जिवाणूंचा. उजेडाला भुलून कोणी जवळ आलं की आत वळलेल्या सुयांसारख्या दातांतून सुटका नाही. खाणं क्वचित मिळतं, म्हणून पोट एवढं ताणतं की स्वतःहून मोठी शिकारही मावते. नर अगदी चिमुकला. मादीला चावून तिच्या अंगाला जडतो आणि तिच्याच रक्तावर जगतो.

"म्हणजे घरजावईच हाय," मी म्हणालो. ती पोट धरून हसली होती.

जत्रेत तोच मासा काचेच्या बरणीत दिसला. मी बैलांचा दलाल. बापाने काही ठेवलं नव्हतं. दुपट्ट्याखाली बोटं दाबून सौदे करत मी उभा राहिलो. बैलाचा जबडा उघडून दात पाहिल्याशिवाय कधी बोट दिलं नाही. त्या दिवशी मात्र तंबूवाल्याच्या हातावर दुपट्टा आधी टाकला.

"बाबा, याले दात कावून नाहीत?"

"चूप राय. सौदा झाला."

बोटांवरचा सौदा मोडायचा नसतो, आणि लेकीसमोर तर नाहीच. जत्रेला आलेले तिचे मास्तर शेजारीच होते. बरणी न्याहाळून म्हणाले, "छान. मधोमध ठेवू."

प्रदर्शनाच्या दिवशी छिंदवाड्याहून आलेल्या परीक्षकांनी बरणी उघडून चिमट्याने दिवा ओढला. तार हातात आली. खाली कन्हान नदीतला साधा मांगूर मासा, मिशा कापलेला. सगळे हसले. "तक्ताही असाच असेल," म्हणत परीक्षक पुढे गेले. त्यावरचा एकही शब्द खोटा नव्हता. मुलीने तक्ता गुंडाळला. दहावीनंतर तिने विज्ञान घेतलं नाही.

पुढे एकदा रामाकोन्याला बसची वाट पाहताना मास्तर भेटले. सहज म्हणाले, "मी तर जत्रेतच ओळखला होता. पण तुमच्या रागापुढे कोण बोलेल?"

माझा राग मला मान्य आहे. मी तिला चूप केलं, तेही मान्य. पण प्रदर्शनाला आठवडा होता. ती रोज तुमच्या वर्गात बसत होती, आणि ती रागीट नव्हती. तिला एकटीला बाजूला घेऊन का नाही सांगितलं, मास्तर? मला नको, तिला उत्तर द्या.