भोंग्यावरचं पाणी

ज्यांचा मी आयुष्यात सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांना आमची सगळी गल्ली काकाजी म्हणायची. बोलता बोलता ते थांबत, एक बोट वर करत आणि म्हणत, "भोंगा झाला." मग उठून रोपांना पाणी घालायला जात.

भोंगा होत नसे. इंदूरच्या ज्या मिलमध्ये त्यांचं आयुष्य गेलं, ती बंद पडली होती. पण पाळी बदलायच्या वेळी काकाजींना तो ऐकू येई.

"काकाजी, मिलला कुलूप लागलं. तुमचा भोंगा वाजवतं कोण?" समोरच्या मावशी विचारत.

"वाजवणारा वाजवतो. तुम्ही जरा कान साफ करवून घ्या, मावशी."

निमाडातल्या लहान गावातून मी कॉलेजसाठी आलो, तेव्हा त्यांनी मला आपल्या घराची पुढची खोली दिली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ते दाराशी स्टूल टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावत, "धीरे बोला भिया, आत अभ्यास चालू आहे." सांवेर रोडच्या कारखान्यात मी ऑफिसात लागलो, त्यामागे ते स्टूल आहे.

मिल बंद पडल्यावर त्यांनी परसात बांबू ठोकून त्यांवर प्लास्टिक ताणलं आणि आत रोपं लावली. लोक त्याला ग्रीनहाउस म्हणत. काकाजी म्हणत, "माझं खातं." मिलमध्ये जसं कताईखातं, तसं हे.

पहिल्या वर्षी त्यांनी ते चारी बाजूंनी गच्च बंद केलं. कताईखात्यात हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून खिडक्या कधी उघडत नसत, वरून पाण्याचे फवारे चालत. काकाजींना वाटलं, जिवंत गोष्ट अशीच जपायची असते. आठवड्यात सगळी रोपं देठाशी काळी पडून आडवी झाली. काकाजी बराच वेळ आत उभे राहिले, नेहमीसारखे खोकले आणि मग विळ्याने प्लास्टिक कापून खिडकी केली.

"मिलमध्ये आम्ही मागत होतो तेव्हा नाही दिली," ते म्हणाले. "यांना देऊ."

पुढे तिथे झेंडूच लागला. दसऱ्याला मिलमध्ये प्रत्येक मशीनला हार पडायचा. मिल बंद झाली तरी एक हार गेटवर गेलाच पाहिजे आणि तो आपल्या फुलांचा पाहिजे, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता.

एका श्रावणात त्यांचा खोकला फार वाढला. मुलगा सुरतेला लूमवर होता, तो उपचारासाठी न्यायला आला. काकाजी रिक्षात बसेपर्यंत रोपांचंच बोलत होते.

"बाहेर पाऊस आहे म्हणून बेफिकीर नको राहू. प्लास्टिकच्या आत थेंब येत नाही."

"सकाळ-संध्याकाळ घालतो, काकाजी."

"सकाळ-संध्याकाळ नाही. भोंग्यावर."

मुलाने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी हो म्हणालो.

"दसऱ्याच्या आत येतो," ते म्हणाले. "हार मीच बांधेन."

मी पाणी सकाळ-संध्याकाळच घातलं. ड्यूटीमुळे दुसरं जमणार नव्हतं. आत शिरलं की दमट ऊब अंगाला चिकटे. बांबूला त्यांनी मिलमधून आणलेला सुताचा कोन, शंकूसारखं रीळ, टांगला होता, तो वारा नसतानाही कधी कधी हळूच फिरायचा. एकदा पाठीमागे कोणी खोकलं म्हणून मी वळलो. मागे फक्त खिडकीचं प्लास्टिक फडफडत होतं. तिथे मी मोठ्याने बोलायला लागलो होतो, हे मला मावशींनी सांगितलं.

रोपं वाढली, मी ती डब्यांत लावली, कळ्या धरल्या. दसरा आला. काकाजी आले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी त्यांना पत्र लिहिलं. मिलमधली मशीनं भंगारात गेल्याचं चौकीदाराने सांगितलं होतं, तेवढं लिहिलं नाही. पत्र सुरतेला पोचलं तेव्हा काकाजी नव्हते. मुलाने ते उघडलं, वाचलं आणि तेरावं झाल्यावर इथे आला तेव्हा मला परत दिलं. ते असं होतं:

तीर्थरूप काकाजींना शिरसाष्टांग नमस्कार.

झेंडू भरपूर आला. तुमच्याच कोनातलं सूत काढून मावशींनी आणि मी हार केला. सूत अजून पक्कं आहे. हार मिलच्या गेटवर बांधला. चौकीदाराने कोणाकडून म्हणून विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं. त्याने टोपी काढली.

थोडी रोपं मागे ठेवली आहेत, तुम्ही आल्यावर पाहाल.

आज सुट्टी होती, म्हणून दुपारी खात्यातच बसलो होतो. मावशी दाराशी भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, त्यांनी काही ऐकलं नाही म्हणतात. पण काकाजी, भोंगा झाला. मी उठलो आणि पाणी घातलं.